गाळ्याच्या तीन पायऱ्या

ठाण्यातल्या बाळकुमसारख्या भागात गाळा बांधताना पहिली धास्ती पावसाच्या पाण्याची. म्हणून जोतं उंच घेतात आणि दाराशी तीन पायऱ्या येतात. व्हीलचेअरवरच्या गिऱ्हाईकाची वाट तिथेच संपते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या व्याख्येत ‘सार्वजनिक इमारत’ खासगीही असू शकते. म्हणजे दुकान, दवाखाना, कार्यालय सगळं त्यात आलं. नियम १५ जून २०१७ ला निघाले, आणि जुन्या इमारती सुगम करायला पाच वर्षं मिळाली. ती २०२२ मध्येच संपली. नव्या इमारतीच्या नकाशात सोय नसेल तर बांधकाम परवानगी देऊ नये आणि भोगवटा प्रमाणपत्रही देऊ नये, असं कलम ४४ सांगतं.

मापं मिळतात राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली, दोन्ही महापालिकांना तीच लागू आहे. रॅम्पचा उतार जास्तीत जास्त १:१२. गणित इथेच अडतं. १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर रॅम्प लागतो. तीन पायऱ्यांना ५.४ मीटर. सरळ समोर काढला तर तो गटार ओलांडून फुटपाथवर जाईल, आणि मग अतिक्रमणाची नोटीस. म्हणून रॅम्प दर्शनी भिंतीला समांतर, आपल्याच हद्दीत वळवायचा. एकेका गाळ्याला ते क्वचितच जमतं. ओळीतल्या सगळ्यांनी मिळून टोकाला एक रॅम्प आणि पुढे सलग ओटा केला, तर खर्चही वाटला जातो. पायरीवर टेकवलेला पत्रा मात्र रॅम्प नव्हे. त्या चढावर खुर्ची मागे उलटू शकते.

दाराची मोकळी रुंदी किमान ९० सेंटिमीटर हवी. स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं. पार्किंगची जागा ३.६ मीटर रुंद, कारण गाडीशेजारी व्हीलचेअर उघडावी लागते.

बांधून झालं की खरी कसरत सुरू होते. रॅम्पवर दुचाक्या लागतात, दिव्यांगांचं स्वच्छतागृह झाडू-फिनेलचं कोठार होतं, आणि नूतनीकरणात जुन्या फरशीवर नवी फरशी चढली की दाराशी नवा उंबरठा तयार होतो. हे नकाशात दिसत नाही.

८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमांतला सुगमतेचा नियम १५(१) रद्द ठरवला. तो नुसत्या शिफारशींवर उभा होता, कायद्याला अपेक्षित होतं बंधन. दंड आधीपासूनच आहे: पहिल्या उल्लंघनाला १० हजारांपर्यंत, पुढे ५० हजार ते ५ लाख.

तेव्हा गाळ्याचं काम काढणार असाल, तर फरशीचा रंग निवडण्याआधी आर्किटेक्टकडून जोत्याची उंची मोजून घ्या आणि तिला बाराने गुणा.