मधल्या भोकात टॉर्च मारा!

लहान पेट्रोल कारचा ऑइल फिल्टर शे-दोनशे रुपयांत मिळतो. तो नीट नसला तर पुढे इंजिन उघडण्याचं बिल सहज पाच आकडी होतं. तरीही खरेदी अशी होते : गाडीचं नाव सांगायचं, समोर आलेला खोका उचलायचा, पैसे द्यायचे आणि निघायचं. त्याआधी काउंटरवरच दोन मिनिटं थांबलात तर बरंच काही कळतं, आणि त्यातलं बरंचसं भलतंच मजेदार आहे.

घाण बाजू कडेला, स्वच्छ बाजू मध्ये

फिरवून बसवायचा फिल्टर उलटा करून बघा. कडेने गोलाकार बारीक भोकं आणि मधोमध आटे पाडलेलं एक मोठं भोक दिसेल. वापरलेलं ऑइल कडेच्या भोकांतून आत शिरतं, घड्या घातलेल्या कागदातून गाळलं जातं आणि मधल्या भोकातून बाहेर पडून इंजिनच्या बेअरिंगकडे जातं. म्हणून कडेच्या भोकांत धूळ पडली तर कागद ती अडवतो. मधल्या भोकात पडली तर तिला अडवणारं कुणीच उरत नाही, ती सरळ इंजिनात जाते.

फिल्टरच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण किंवा ताणून बसवलेला पातळ कागद याच भोकासाठी असतो. नवा माल चकचकीत दिसावा एवढ्यासाठी कंपनी त्यावर खर्च करत नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले सत्तर. क्रँकशाफ्ट आणि तिचं बेअरिंग यांच्यातली फट बहुतेक गाड्यांत त्याहूनही कमी असते. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्ट्सच्या गल्लीत दिवसभर टेम्पो आणि रिक्षा धूळ उडवत जातात. तिथे उघड्या तोंडाचा फिल्टर फळीवर आठवडाभर पडून राहिला, तर त्यात काय काय गेलं असेल याचा विचार करा. सील फुटलेला फिल्टर अस्सल कंपनीचा असला, तरी मी तो घेणार नाही.

सील शाबूत असलेला फिल्टर पसंत पडला की पैसे देण्याआधी दुकानदारासमोरच झाकण काढा आणि मोबाइलचा टॉर्च मधल्या भोकात मारा. आत भोकं किंवा चिरा पाडलेली नळी सरळ बसलेली दिसायला हवी. आट्यांवर पत्र्याचा कीस, गंजाचा डाग किंवा चिकट काळपटपणा दिसला तर तो फिल्टर परत द्या. काळपटपणाकडे तर खास लक्ष हवं. जुना फिल्टर धुऊन, रंग मारून नव्या खोक्यात घालणारे लोक आहेत. बाहेरचा रंग नवा होतो, पण आट्यांच्या खाचांत जुनं ऑइल राहून जातं. नाकाजवळ नेलात तर वासही येतो.

एका मिलिमीटरची गफलत

हा प्रकार मला या विषयातला सर्वांत चमत्कारिक वाटतो. कारच्या फिल्टरमध्ये दोन मापांचे आटे फार प्रचलित आहेत. एक २० मिलिमीटरचं, दुसरं पाऊण इंचाचं. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, म्हणजे दोन्हींत एक मिलिमीटरचाही फरक नाही. त्यावर कडी अशी, की दोन आट्यांमधलं अंतरही जवळपास सारखंच : एकात १.५ मिलिमीटर, दुसऱ्यात साधारण १.५९.

त्यामुळे २० मिलिमीटरचा फिल्टर इंजिनच्या पाऊण इंची आटे असलेल्या स्टडवर छान फिरतो. हाताला ‘बसला’ असंच वाटतं. प्रत्यक्षात आटे एकमेकांना नुसते टेकलेले असतात. इंजिन सुरू होऊन ऑइलचं प्रेशर चढलं, की पकड सुटून सगळं ऑइल रस्त्यावर सांडू शकतं. लहान कारमध्ये ते असतं तीन-साडेतीन लीटर, रिकामं व्हायला वेळ लागत नाही. ‘हा पण चालतो’ असं कुणी म्हटलं तर त्याला पार्ट नंबर दाखवायला सांगा. डोळ्यांना आणि हातांना हा फरक कळत नाही.

आकड्यांची भाषा

पार्ट नंबरातले पहिले पाच आकडे पाठ केले तर दुकानात उपयोग होतो. सुझुकीच्या, म्हणजे आपल्या मारुतीच्याही, ऑइल फिल्टरचा नंबर १६५१० ने सुरू होतो. होंडाचा १५४०० ने, ह्युंदाई आणि किया यांच्या फिरवून बसवायच्या फिल्टरचा २६३०० ने, तर टोयोटाच्या अशाच फिल्टरचा ९०९१५ ने. वस्तू कोणती हे या पाच आकड्यांत कळतं, ती कोणत्या इंजिनची हे पुढच्या आकडे-अक्षरांत. म्हणून नंबर शेवटपर्यंत जुळवायचा. खोक्यावरचा आणि डब्यावरचा नंबरही एकच हवा. खोका एकाचा आणि माल दुसऱ्याचा असेल तर तो इथेच पकडला जातो.

खोक्यावर काय छापायलाच हवं

पाकीटबंद मालाचे वजनमाप नियम २०११ पासून लागू आहेत. ते बिस्किटांना लागू आहेत तसे ऑइल फिल्टरलाही आहेत. उत्पादक, पॅकिंग करणारा किंवा आयातदार यांचं नाव-पत्ता, निर्मितीचा महिना आणि वर्ष, किती नग, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन नंबर हे सगळं खोक्यावर हवं. माल परदेशातून आला असेल तर तो कोणत्या देशाचा, हेही. त्याच नियमांत एक गमतीची तरतूद आहे : किंमत कमी करणारं स्टिकर लावता येतं, पण त्याने मूळ छापील किंमत झाकता कामा नये. छापील किमतीवर चिकटवलेली जास्तीची किंमत दिसली तर नखाने स्टिकर उचकटून बघा.

होलोग्राम आणि क्यूआर कोड हल्ली बऱ्याच कंपन्या देतात. कोड जरूर स्कॅन करा, पण नुसत्या चमकणाऱ्या स्टिकरवर विसंबू नका, कारण तो नकली खोक्यावरही चमकतो. पुसट छपाई, नावातलं एखादं चुकलेलं अक्षर, तिरके कापलेले खोक्याचे कान या खुणा त्याहून बोलक्या असतात.

केशरी पडदा, काळा पडदा

कडेच्या बारीक भोकांतून आत डोकावलं की रबराचा पडदा दिसतो. काळा असेल तर बहुधा नायट्राइल रबर, केशरी किंवा तांबडा असेल तर बहुधा सिलिकॉन. सिलिकॉन उष्णतेत जास्त काळ मऊ राहतं, म्हणून ते महाग. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल मागे ओघळू न देणं हे या पडद्याचं काम. तो कडक झाला तर सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन क्षणभर कोरडं चालतं, खडखड ऐकू येते आणि ऑइलचा लाल दिवा जरा उशिरा विझतो. फिल्टर तोंड वर करून बसत असेल तर ऑइल आपोआप आत राहतं. अशा काही फिल्टरना पडदा नसतोच. पडदा दिसला नाही म्हणून लगेच नकली ठरवू नका.

आत एक बायपास व्हॉल्व्हही असतो. कागद चोंदला किंवा थंडीत ऑइल फारच घट्ट झालं, की तो उघडतो आणि न गाळलेलं ऑइल पुढे सोडतो. इंजिन कोरडं पडण्यापेक्षा घाण ऑइल परवडलं, असा हा हिशेब. काही गाड्यांत तो फिल्टरमध्ये नसून इंजिनातच असतो. बाहेरून जुळ्या भावंडांसारखे दिसणारे दोन फिल्टर एकमेकांच्या जागी चालत नाहीत, त्याचं हे आणखी एक कारण.

थोडा इतिहास

बदलता येण्याजोगा ऑइल फिल्टर अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड यांनी १९२३ च्या सुमारास आणला. त्यातूनच प्युरोलेटर हे नाव जन्माला आलं. १९२४ च्या क्रायस्लर गाडीत तो कंपनीतूनच बसवून येई. त्याआधी बहुतेक गाड्या जाळीवर भागवत. फोक्सवॅगनची जुनी बीटल तर पुढे कित्येक वर्षं साध्या जाळीवरच धावली. आपल्याकडच्या स्प्लेंडरमध्येही कागदी फिल्टर नाही. तिथे गरगर फिरणारी वाटी घाण कडेला फेकते आणि सोबतीला एक जाळी असते.

रबर रिंग

फिल्टरच्या तोंडावरची रिंग नखाने दाबा. ती दबून परत वर आली पाहिजे. भेगाळलेली, चपटी झालेली किंवा खाचेतून सुटलेली रिंग म्हणजे जुना माल. काही गाड्यांत डबा नसतो, नुसती कागदी कांडी प्लास्टिकच्या टोपीत बसते. तशा खोक्यात नवी ओ-रिंग आहे का बघा. बसवताना मेस्त्रींना एवढंच सांगा, की जुनी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना ते पाहा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की गळती ठरलेलीच.

पक्कं बिल घ्या आणि त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. माल नकली निघाला आणि दुकानदार ऐकेना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आणि एक विनंती. फिल्टर बसवून झाला की छापील लेबल कापून बिलासोबत ठेवा आणि उरलेला खोका फाडून टाका. अस्सल कंपनीचे शाबूत रिकामे खोके नकली माल भरायला वापरले जातात.