नवा साप चिडलेला नसतो

अमेरिकेत घरी पाळण्यासाठी कॉर्न स्नेक हा बिनविषारी साप लोकप्रिय आहे. नवे पिल्लू शेपटी थरथरवते, मान वळवून झेप घेते, आणि पाळणाऱ्याला ते रागीट वाटते. प्रत्यक्षात हे बचावात्मक वर्तन (धोका वाटल्यावर समोरच्याला लांब ठेवण्याची धडपड) असते. अनोळखी घरात आणलेले मांजर पलंगाखाली शिरून फिस्कारते, तसेच हे.

रोज हातात घेतले की साप लवकर माणसाळतो, हा समज मनापासूनचा असला तरी चुकीचा आहे. सुरुवातीला त्याने भीती वाढते. निदान आठवडाभर त्याला हात लावू नये. लपायला दोन जागा द्याव्यात, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला. नाहीतर बिचाऱ्याला ऊब किंवा आडोसा यांतले एकच मिळते. तो नीट खाऊ लागला की मगच, आणि खाल्ल्यावर किमान ४८ तास थांबून, थोडा वेळ उचलावे. हात वरून नेऊ नये, कारण शिकारी पक्षी वरूनच झडप घालतो. बाजूने नेऊन अंगाला मधोमध आधार द्यावा.

भारतात मात्र नाग, धामण यांसारखे देशी साप पाळणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.