स्विच ‘थांब’ म्हणतो तेव्हा

रेवसच्या बंदरात गाळ साचतो. मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लावणं अवघड होतं आणि त्याची झळ पलीकडे मुंबईत, भाऊच्या धक्क्यावर पोचते. रेवसच्या उतारूंना तिथेच थांबावं लागतं. मोऱ्याला निघालेल्यांना मात्र रेवसपायी अडकवून ठेवण्याचं काही कारण नसतं. डेटा सेंटरमधल्या स्विचवरचा ‘प्रायॉरिटी फ्लो कंट्रोल’, म्हणजे पीएफसी, हेच काम करतो. पुढे जागा उरेनाशी झाली की तो मागच्याला थांबायला सांगतो, पण फक्त त्या रांगेपुरतं.

रेवसच्याच रायगड जिल्ह्यात, पनवेलला, योट्टा कंपनीचं ‘एनएम-१’ डेटा सेंटर जुलै २०२० मध्ये सुरू झालं. ऐरोली-महापे पट्ट्यातही अशी केंद्रं आहेत. एआयची यंत्रं किंवा वेगवान स्टोरेज इथरनेटवरून ‘आरडीएमए’ने जोडायचं ठरलं, की पीएफसीचा विषय निघतोच. आरडीएमएमध्ये एका सर्व्हरच्या मेमरीतला डेटा प्रोसेसरला न विचारता थेट दुसऱ्याच्या मेमरीत जातो. त्यात एखादं पॅकेट हरवलं तर अनेक नेटवर्क कार्डं तिथपासून पुढचं सगळं पुन्हा पाठवतात, म्हणून गळती नको असते. विषय महत्त्वाचा, आणि त्याभोवती गैरसमजही तितकेच.

पहिला गैरसमज असा, की हा जुनाच ‘पॉज’ आहे. १९९७ च्या ८०२.३एक्स मानकातला पॉज अख्खी लिंक थांबवायचा. स्टोरेजच्या गर्दीत बाकीची वाहतूकही अडकायची. २०११ मध्ये मंजूर झालेल्या ८०२.१क्यूबीबी मानकाने त्याच छोट्या फ्रेममध्ये आठ वर्गांसाठी आठ स्वतंत्र टायमर दिले. टायमरचं एकक म्हणजे ५१२ बिट पाठवायला लागणारा वेळ, आणि आकडा जास्तीत जास्त ६५,५३५. शंभर गिगाबिटच्या पोर्टवर ही कमाल विश्रांती सुमारे ३३६ मायक्रोसेकंदांची होते. त्याआधी जागा झाली तर शून्य टायमरची फ्रेम पाठवून वाट मोकळी करता येते.

‘पीएफसी चालू केला की पॅकेट गळणारच नाही’ हे वाक्य तर सर्रास ऐकू येतं. पण ‘थांब’ हा निरोप पोचेपर्यंत वाटेतली पॅकेट्स येतच राहतात आणि त्यांच्यासाठी बफरमध्ये राखीव जागा लागते. तिला हेडरूम म्हणतात. फायबरमध्ये प्रकाशाला एक मीटर जायला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. तीनशे मीटरच्या केबलवर जाऊन-येऊन ३ मायक्रोसेकंद झाले. शंभर गिगाबिटच्या वेगाने तेवढ्यात साडेसदतीस हजार बाइट येऊन धडकतात, चारशे गिगाबिटला दीड लाख. दोन्ही टोकांची अर्धवट गेलेली पॅकेट्स आणि यंत्रांचा प्रतिसादाचा वेळ यात धरलेलाच नाही. केबलची लांबी कॉन्फिगरेशनमध्ये चुकीची पडली, तर लॉसलेस म्हणवणारी रांगही गळते.

मग ‘सुरक्षितता म्हणून आठही वर्गांना लावून टाकू’ हा उत्साह का नको, तेही यातच आलं. प्रत्येक लॉसलेस वर्ग प्रत्येक पोर्टवर हेडरूम खातो आणि स्विचचा बफर काही रबराचा नसतो. साधारणपणे एक-दोन वर्गच निवडतात.

निवडलेला वर्ग मग वाटेतल्या प्रत्येक स्विचवर आणि सर्व्हरच्या कार्डावर सारखाच हवा. एका टोकाला तिसरा वर्ग लॉसलेस आणि दुसऱ्या टोकाला चौथा असेल, तर दोन्हीकडे पीएफसी ‘चालू’ दिसतो आणि उपयोग शून्य होतो. डीएससीपी खुणेवरून कोणतं पॅकेट कोणत्या रांगेत जाणार, हा तक्ताही तितकाच तपासावा लागतो.

पण सगळ्यात महागात पडणारी समजूत ही, की पीएफसी गर्दी सोडवतो. तो ती मागे ढकलतो. मागचा स्विच भरला की तोही आपल्या मागच्याला थांबवतो आणि ज्यांचा त्या कोंडीशी संबंध नाही असे प्रवाहही त्याच रांगेत ताटकळतात. म्हणून ईसीएन ही खूण पीएफसीच्या आधी लागेल अशी मर्यादा ठेवतात. रांग वाढू लागली की पॅकेटवर खूण होते, ती पाहून स्वीकारणारा मूळ पाठवणाऱ्याला निरोप देतो आणि तो वेग कमी करतो.

देखरेखीतली फसगत याच्याशीच जोडलेली आहे. ड्रॉपचा काउंटर शून्य बघून स्क्रीन बंद करणारे पुष्कळ. पीएफसीच्या जाळ्यात दुखणं ड्रॉपमध्ये कमी आणि पॉजमध्ये जास्त दिसतं; त्यातही दिशा वाचावी लागते. सर्व्हरकडच्या पोर्टवर स्विचला ‘येणारे’ पॉज वाढत असतील तर सर्व्हर किंवा त्याचं कार्ड मंदावलंय. ‘जाणारे’ वाढत असतील तर कोंडी त्या स्विचमध्येच किंवा त्याच्या पुढे कुठेतरी आहे. मग ज्या पोर्टवर पॉज येत आहेत त्याच्या पलीकडच्या यंत्रावर जायचं, तिथून पुढे, असा माग काढायचा. नुसत्या संख्येवरही भागत नाही, कारण एक फ्रेम क्षणभर थांबवते की तीनशे मायक्रोसेकंद, हे संख्या सांगत नाही. स्विच थांबलेला वेळ मोजून देत असेल तर तो आकडा आधी बघावा.

मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१६ च्या सिगकॉम परिषदेत मांडलेला अनुभव या बाबतीत मुळातून वाचण्यासारखा आहे. बिघडलेलं एकच कार्ड अखंड पॉज फ्रेम ओकत राहिलं तर अख्खं जाळं ठप्प होऊ शकतं, हे त्यांना प्रत्यक्ष दिसलं. त्यावर त्यांनी कार्डावर आणि स्विचवर वॉचडॉग बसवले. आज सोनिक या मुक्त स्विच-प्रणालीतही पीएफसी वॉचडॉग आहे. रांग ठरावीक काळ अडकून पडली की तो त्या रांगेतली पॅकेट्स टाकून देऊ शकतो. गळती टाळायला लावलेल्या व्यवस्थेत मुद्दाम गळती! पण सगळं जाळं गोठण्यापेक्षा ती परवडते. त्याच निबंधात आणखी एक किस्सा आहे: नव्या जातीच्या स्विचमध्ये बफरवाटपाचा एक मूळ आकडा १/१६ ऐवजी १/६४ होता, आणि तेवढ्यानेच पॉजचा पूर आला. नवा स्विच रॅकमध्ये चढवताना जुन्याचं कॉन्फिगरेशन चिकटवून मोकळं होणाऱ्यांनी हा किस्सा जरूर लक्षात ठेवावा.

पीएफसी आता कालबाह्य झाला, असंही बोललं जातं. अ‍ॅमेझॉनच्या एसआरडी या प्रोटोकॉलला तो लागत नाही. पॅकेट्स अनेक वाटांनी जातात आणि हरवलेलं तेवढं पुन्हा येतं. याउलट मेटाने २०२४ मध्ये लिहिलं, की एआय प्रशिक्षणाच्या ४०० गिगाबिटच्या जाळ्यांत त्यांनी ईसीएनवर चालणारं वेग-नियंत्रण, म्हणजे डीसीक्यूसीएन, बंद ठेवलं, जाळ्यात फक्त पीएफसी राखला आणि किती डेटा मागायचा याचा ताबा स्वीकारणाऱ्या बाजूच्या सॉफ्टवेअरकडे दिला.