ॲडोरर्स ऑफ द ब्लड ऑफ क्राइस्ट : भूमिनीती आणि वायुवाहिनी विवाद

ॲडोरर्स ऑफ द ब्लड ऑफ क्राइस्ट (अर्थ : ख्रिस्ताच्या रक्ताच्या आराधक) हा कॅथलिक धर्मभगिनींचा आंतरराष्ट्रीय संघ आहे. संघाच्या अमेरिकेतील शाखेने २००५ साली ‘भूमिनीती’ या नावाचे निवेदन स्वीकारले आणि आपल्या मालकीच्या जमिनींचा वापर पर्यावरणाशी सुसंगत ठेवण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले. २०१७ साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील संघाच्या शेतजमिनीखालून नैसर्गिक वायूची मोठी वाहिनी नेण्यास शासकीय आयोगाने मंजुरी दिली. भगिनींनी त्यास नकार दिला, वाहिनीच्या नियोजित मार्गावर उघड्यावरील प्रार्थनास्थळ उभारले आणि धार्मिक स्वातंत्र्याच्या आधारे न्यायालयात दाद मागितली. २०१८ मध्ये वाहिनी कार्यान्वित झाली व भगिनींचे दोन्ही दावे फेटाळले गेले. मात्र जमिनीच्या अशा वापरामुळे त्यांच्या धर्माचरणास बाधा येते किंवा नाही, या मूळ प्रश्नावर कोणत्याही न्यायालयाने निर्णय दिला नाही.

संघाची स्थापना व स्वरूप

संघाची स्थापना मारिया दे मात्तियास (१८०५–१८६६) यांनी ४ मार्च १८३४ रोजी इटलीतील आकूतो या गावी केली. वाल्लेकोर्सा येथे जन्मलेल्या मारिया यांच्यावर गास्पार देल बुफालो या धर्मगुरूंच्या प्रवचनांचा प्रभाव पडला होता. ग्रामीण भागातील मुलींना शिक्षण देणे व स्त्रियांना धर्मबोध करणे हे संघाचे आरंभीचे कार्य होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००३ साली मारिया यांना संतपद बहाल केले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संघाच्या भगिनी अमेरिकेत पोहोचल्या. तेथे शाळा, रुग्णालये व वृद्धाश्रम ही त्यांची प्रमुख कार्यक्षेत्रे झाली. इलिनॉय, कॅन्सस व पेनसिल्व्हेनिया या राज्यांत संघाचे तीन स्वतंत्र प्रांत होते. २००० साली त्यांचे एकत्रीकरण होऊन अमेरिकेसाठी एकच प्रांत निर्माण झाला. त्याचे मुख्यालय सेंट लुइस येथे आहे. इलिनॉयमधील रूमा येथील केंद्राच्या पाच भगिनी १९९२ साली लायबेरियातील यादवी युद्धात मारल्या गेल्या.

भूमिनीती

संघाच्या अध्यात्माचा केंद्रबिंदू ख्रिस्ताने सांडलेले रक्त हा आहे. त्या रक्ताने प्रत्येक जीवाचे मोल वाढले, म्हणून प्रत्येक जीव आदरास पात्र आहे, अशी या परंपरेची धारणा आहे. प्रारंभी या धारणेचा रोख दुर्बल व उपेक्षित माणसांकडे होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक धर्मभगिनी संघांप्रमाणे याही संघाने तिची व्याप्ती सर्व सृष्टीपर्यंत वाढविली.

२००५ साली स्वीकारलेल्या भूमिनीतीत या विचाराला निश्चित रूप मिळाले. तिचा आशय थोडक्यात असा : पृथ्वी हे देवाचे पवित्र स्थान असून तेथे सर्व जीवांचे रक्षण झाले पाहिजे, जमीन ही सौंदर्य व अन्न देणारी देणगी आहे, ती पुढील पिढ्यांचा वारसा असल्याने तिच्याकडे केवळ मालमत्ता म्हणून पाहता येणार नाही, आणि जमिनीच्या वापराविषयीचे निर्णय त्या त्या प्रदेशाच्या परिसंस्थेशी जुळणारे असावेत. हे निवेदन उपदेशपर असले, तरी संघाच्या नावावर प्रत्यक्ष जमिनी असल्यामुळे त्याला व्यावहारिक अर्थ होता. जमीन कोणास, कशासाठी व कोणत्या अटींवर द्यावयाची, हा प्रश्न भूमिनीतीमुळे हिशेबाबरोबरच श्रद्धेचाही झाला.

व्यापक पार्श्वभूमी

कॅथलिक परंपरेत निसर्गाविषयीच्या आस्थेचे नाते प्रामुख्याने असिसीचे संत फ्रान्सिस यांच्याशी जोडले जाते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ साली त्यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. अमेरिकेत थॉमस बेरी (१९१४–२००९) या धर्मगुरूंच्या लेखनाचा धर्मभगिनींवर मोठा प्रभाव पडला. विश्वाची उत्क्रांती हीच एक पवित्र कथा आहे आणि माणूस त्या कथेचा केवळ एक भाग आहे, अशी त्यांची मांडणी होती. न्यू जर्सी राज्यात डोमिनिकन भगिनींनी १९८० साली सुरू केलेले ‘जेनेसिस फार्म’ हे या विचारातून उभे राहिलेले आरंभीचे केंद्र होय. मिशिगन राज्यातील मन्रो येथील एका भगिनी संघाने आपल्या १९३० च्या दशकातील मुख्य मठाचे या शतकाच्या प्रारंभी नूतनीकरण केले. त्या वेळी भूगर्भातील उष्णतेवर चालणारी वातानुकूलन यंत्रणा बसविण्यात आली व सांडपाण्याच्या पुनर्वापराची सोय करण्यात आली.

२०१५ साली पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. पर्यावरणाचा ऱ्हास व गरिबांचे शोषण या एकाच संकटाच्या दोन बाजू आहेत, असे प्रतिपादन त्यात आहे. भूमिनीती या परिपत्रकाच्या दहा वर्षे आधीची आहे. त्यामुळे वायुवाहिनीला झालेला विरोध केवळ परिपत्रकाच्या प्रभावातून निर्माण झाला, असे म्हणता येत नाही. परिपत्रकाने भगिनींच्या भूमिकेला सर्वोच्च धर्मपीठाचा आधार मात्र मिळवून दिला.

वायुवाहिनी प्रकल्प

पेनसिल्व्हेनियाच्या उत्तर भागात जमिनीखाली खोलवर ‘मार्सेलस शेल’ नावाचा खडकाचा विस्तीर्ण थर आहे. आडवे विंधन करून, पाणी, वाळू व रसायने यांच्या दाबाने खडक फोडून त्यातील वायू काढण्याचे तंत्र २००० नंतरच्या दशकात तेथे मोठ्या प्रमाणावर वापरात आले. हा वायू दक्षिणेकडील राज्यांपर्यंत पोहोचविण्यासाठी ‘अटलांटिक सनराइज’ हा प्रकल्प आखण्यात आला. तो विल्यम्स या उद्योगसमूहाच्या ट्रान्सको या कंपनीचा होता. त्यात पेनसिल्व्हेनिया राज्यात सुमारे १८० मैलांहून अधिक लांबीची नवी वाहिनी टाकावयाची होती. तिच्या दक्षिण भागातील नळाचा व्यास ४२ इंच, म्हणजे एक मीटरहून अधिक होता. प्रकल्पाची क्षमता दररोज १७० कोटी घनफूट वायू वाहून नेण्याची होती.

मार्गाच्या दक्षिण टोकाकडे लँकेस्टर परगणा आहे. हा परगणा सुपीक शेतजमिनीसाठी व आमिश समाजाच्या वस्तीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे कोलंबिया या गावाजवळ संघाची जमीन असून ती मक्याच्या लागवडीखाली होती. वाहिनी या शेतातून जाणार होती. कंपनीने जमीन वापरण्याच्या हक्कासाठी मोबदला देऊ केला. भूमिनीतीचा दाखला देऊन भगिनींनी तो नाकारला.

अमेरिकेत आंतरराज्यीय वायुवाहिनीला संघराज्य ऊर्जा नियामक आयोगाचे ‘सार्वजनिक सोय व आवश्यकता प्रमाणपत्र’ लागते. असे प्रमाणपत्र मिळालेल्या कंपनीला, जमीनमालकाशी करार न झाल्यास, नैसर्गिक वायू कायद्यानुसार न्यायालयामार्फत सक्तीने हक्क संपादन करता येतो. मालकी मूळ मालकाकडेच राहते. वाहिनी टाकण्याचा व तिची देखभाल करण्याचा सुविधाधिकार तेवढा कंपनीला मिळतो. अटलांटिक सनराइज प्रकल्पास आयोगाने ३ फेब्रुवारी २०१७ रोजी प्रमाणपत्र दिले. त्यानंतर कंपनीने संघाच्या जमिनीवरील हक्कासाठी न्यायालयीन कार्यवाही सुरू केली.

शेतातील प्रार्थनास्थळ

प्रकल्पास विरोध करणाऱ्या स्थानिक रहिवाशांच्या संघटनेच्या सहकार्याने भगिनींनी वाहिनीच्या नियोजित मार्गावर एक साधे प्रार्थनास्थळ उभारले. लाकडी मांडव, छोटी वेदी व काही बाके एवढेच त्याचे स्वरूप होते. त्याला भिंती नव्हत्या. भोवती मक्याचे पीक होते. ९ जुलै २०१७ रोजी त्याचा समर्पण विधी झाला. त्यास शेकडो लोक उपस्थित होते व त्यांत निरनिराळ्या धर्मांचे व पंथांचे अनुयायी होते. पुढे तेथे नियमितपणे प्रार्थना होऊ लागल्या.

प्रार्थनास्थळाचा हेतू दुहेरी होता. ही जमीन भगिनींसाठी पूजास्थान आहे, हे त्यातून दृश्य स्वरूपात मांडले गेले. त्याचबरोबर पुढील न्यायालयीन लढ्याचीही ती पूर्वतयारी होती. हा कंपनीस अडविण्याचा डावपेच असल्याची टीका झाली. जमिनीचे पावित्र्य आपण २००५ सालीच लेखी नमूद केले असून प्रार्थनास्थळ हे त्याचेच प्रकट रूप आहे, असे भगिनींच्या बाजूने सांगण्यात आले. ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रत्यक्ष काम सुरू झाले. त्या वेळी जागेवर अहिंसक प्रतिकार करणाऱ्या अनेक निदर्शकांना अटक झाली. एका वर्षाने, ऑक्टोबर २०१८ मध्ये, वाहिनी पूर्णतः कार्यान्वित झाली.

न्यायालयीन लढा

पहिला दावा : जुलै २०१७ मध्ये संघाने पेनसिल्व्हेनियाच्या पूर्व विभागातील संघराज्य जिल्हा न्यायालयात आयोगाविरुद्ध दावा दाखल केला. त्याचा आधार १९९३ चा ‘धार्मिक स्वातंत्र्य पुनर्स्थापना कायदा’ हा होता. या कायद्यानुसार एखाद्याच्या धर्माचरणावर शासनाने मोठा भार टाकला, तर त्यामागे अत्यंत निकडीचे शासकीय हित असल्याचे व त्यासाठी कमीत कमी जाचक मार्ग निवडल्याचे शासनाला सिद्ध करावे लागते. पृथ्वीचे रक्षण हे आमचे धर्माचरण आहे. जीवाश्म इंधनाच्या वाहिनीसाठी आमची जमीन सक्तीने वापरणे म्हणजे आम्हाला स्वतःच्या श्रद्धेविरुद्ध वागावयास लावणे होय, असा भगिनींचा युक्तिवाद होता.

न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये अधिकारितेच्या अभावी दावा फेटाळला. आयोगाच्या आदेशाला हरकत असल्यास ३० दिवसांच्या आत आयोगाकडेच फेरसुनावणीचा अर्ज करावा लागतो आणि त्यानंतर थेट अपील न्यायालयात जाता येते, अशी पद्धत नैसर्गिक वायू कायद्यात घालून दिलेली आहे. संघाने आयोगासमोरील कार्यवाहीत भाग घेऊन आपला धार्मिक आक्षेप नोंदविला नव्हता. त्यामुळे जिल्हा न्यायालयात स्वतंत्र दावा करता येणार नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. तिसऱ्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये तो कायम केला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रकरण सुनावणीस घेण्यास नकार दिला.

दुसरा दावा : २०२० साली संघाने कंपनीविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा केला. वाहिनी आता थांबविता येत नाही, पण धर्माचरणाच्या हानीची भरपाई मागता येते, अशी त्यामागील भूमिका होती. जिल्हा न्यायालयाने हाही दावा फेटाळला. भरपाईची मागणी हा आयोगाच्या मूळ आदेशावर आडमार्गाने घेतलेला आक्षेपच आहे आणि तो वेळीच आयोगासमोर मांडता आला असता, असे सांगून अपील न्यायालयाने २०२२ साली तो निर्णय योग्य ठरविला.

परस्परविरोधी भूमिका

प्रकल्पाच्या समर्थकांच्या मते नैसर्गिक वायूमुळे कोळशावरील अवलंबन कमी होते. समान ऊर्जेसाठी वायू जाळल्यास कोळशाच्या तुलनेत सुमारे निम्माच कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. वाहिनी जमिनीखाली असल्याने काम संपल्यावर वर पुन्हा शेती करता येते. शिवाय आयोगाची प्रक्रिया दीर्घकाळ खुली असताना आक्षेप न नोंदविता नंतर न्यायालयात जाणे इतर जमीनमालकांच्या दृष्टीनेही न्याय्य नाही.

विरोधकांच्या मते उत्खनन व वहन करताना होणारी मिथेन वायूची गळती या हिशेबात धरली पाहिजे. वीस वर्षांच्या कालावधीत मिथेनची तापमानवाढीची क्षमता कार्बन डाय-ऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक असते. कायद्याविषयीचा त्यांचा आक्षेप त्याहून मूलभूत आहे. ज्या आयोगाचे मुख्य काम वाहिन्यांच्या आवश्यकतेचा विचार करणे हे आहे, त्याच्याचकडे श्रद्धेविषयीची तक्रार ठरावीक मुदतीत नेण्याची सक्ती केल्यास धार्मिक स्वातंत्र्याचे संरक्षण कार्यपद्धतीच्या नियमांपुढे दुय्यम ठरते, असे ते म्हणतात.

महत्त्व

धार्मिक स्वातंत्र्याच्या कायद्याखालील दावे बहुधा पूजाविधी, पोशाख, आहार किंवा वैद्यकीय सेवा यांच्याशी संबंधित असतात. या प्रकरणात जमिनीचे व हवामानाचे रक्षण हेच धर्माचरण असल्याचे न्यायालयापुढे मांडले गेले. प्रकरणाचा निकाल अधिकारितेच्या प्रश्नावर लागल्यामुळे ही मांडणी मान्यही झाली नाही व अमान्यही झाली नाही. पुढील काळात अशा प्रकारचा आक्षेप घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी मात्र एक गोष्ट स्पष्ट झाली : आयोगाच्या प्रकल्पाबाबतचा श्रद्धेचा आक्षेपही मंजुरीच्या प्रक्रियेतच, ठरवून दिलेल्या मुदतीत नोंदविला गेला पाहिजे.

धर्मसंस्थांच्या दृष्टीने या प्रकरणाचे महत्त्व निराळे आहे. केंटकी राज्यात २०१३ साली लोरेटो संघाच्या भगिनींनी ‘ब्लूग्रास’ वाहिनीसाठी आपली जमीन देण्याचे नाकारले होते. स्थानिक जमीनमालकांचाही विरोध होता व पुढील वर्षी तो प्रकल्प स्थगित झाला. कोलंबिया येथे तसे घडले नाही. संघाच्या शेताखालून आज वायू वाहत आहे. तथापि आर्थिक मोबदला उपलब्ध असताना आणि अपयशाची शक्यता दिसत असताना एका वृद्ध होत चाललेल्या भगिनी संघाने बारा वर्षांपूर्वीच्या आपल्या निवेदनाला बांधील राहण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे पर्यावरणविषयक धार्मिक निवेदनांचे मोल प्रत्यक्ष आचरणात कसे पारखले जाते, याचे उदाहरण म्हणून या प्रकरणाचा उल्लेख केला जातो.