हार्टअटॅकनंतरची लहान गोळी मध्येच का सुटते?



हार्टअटॅक येऊन गेलेला माणूस नांदेड-परभणीहून हट्ट्याला परततो, तेव्हा औषधांच्या पिशवीत बहुधा ॲस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी असतेच. ती स्वस्त आहे, आणि स्वस्त म्हणूनच की काय, तिची कदर कमी.

चारीत गाळ साचून पाणी अडावे, तशी हृदयाची रक्तवाहिनी आतून अरुंद झालेली असते. तिथे चीर पडली की रक्तातील बारीक कण, म्हणजे प्लेटलेट, एकमेकांना चिकटून गुठळी करतात. ॲस्पिरिन हा चिकटपणा मोडते. पण हे कण आठ-दहा दिवसच जगतात व नवे रोज तयार होतात. म्हणून गोळीही रोजच लागते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या १७,१८७ रोग्यांच्या पाहणीत, झटका येताच महिनाभर ॲस्पिरिन दिलेल्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले.

तरी घेतो कोण? २०११ साली १७ देशांची पाहणी प्रसिद्ध झाली. भारत ज्या गरीब देशांच्या गटात धरला होता, तिथे हृदयविकार किंवा लकवा होऊन गेलेल्या शंभरांतले नऊ जणही असे औषध घेत नव्हते. खेड्यात तर शहराहून कमी.

कारणे आपल्या घरातलीच आहेत. छातीत दुखायचे थांबले की माणूस म्हणतो, "आता काय झालंय मला, कशाला खायच्या गोळ्या?" ॲस्पिरिनने बरे वाटत नाही, ती न घेतल्याने लगेच वाईटही वाटत नाही, इथेच सगळे फसते. कुणाला पोटात आग पडते, कुणी एकादशीला गोळी टाळतो. पाच-सहा गोळ्यांतली कोणती कशाची, हे नीट सांगितलेलेच नसते. दात काढायचा म्हणून बंद केलेली गोळी पुन्हा सुरू करायची राहूनच जाते. तोडणीच्या धांदलीत पाकीट संपते. आणायला जायचे कोणी?

आग पडत असेल तर जेवणानंतर घ्यावी व डॉक्टरांना सांगावे. ते जोडीला पोटाची गोळी देतात. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत; आयब्युप्रोफेन ॲस्पिरिनचे काम अडवते. स्टेंट बसवलेल्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही खंड पाडू नये.

आणि शेजाऱ्याला चालते म्हणून, ज्याला कधी झटका आलेला नाही, त्याने आपल्या मनाने ही गोळी सुरू करू नये. २०१८ साली निरोगी वृद्धांवरील पाहणीत तिचा फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला.