गोलरक्षक सुबाशिच

फुटबॉलमध्यें दहा गडी चुकले तर सांवरावयास गोलरक्षक असतो. तो चुकला तर मागें केवळ जाळें. क्रोएशियाच्या दानिएल सुबाशिचनें या एकाकी जागीं एका मित्राची सोबत बाळगली. २००८ च्या मार्चमध्यें झादार या त्याच्या जन्मगांवीं, त्यानेंच दिलेला चेंडू गांठण्यास धांवलेला ह्र्वोये चुस्तिच मैदानालगतच्या सिमेंटच्या भिंतीवर आदळला व थोड्याच दिवसांत वारला. पुढें सुबाशिच मोनाकोच्या संघांत नांवारूपास आला. सदऱ्याआड मात्र मित्राचें चित्र असे. २०१८ च्या विश्वचषकांत, बरोबरीनंतर, त्यानें डेन्मार्कच्या तीन पेनल्टी अडविल्या आणि तें चित्र जगानें पाहिलें. रशियाविरुद्ध तर मांडीचा स्नायू दुखावला असतांही तो हटला नाहीं. निर्णायक पेनल्टींतील पहिलाच फटका त्यानें थोपविला. अंतिम सामना फ्रान्सनें ४-२ असा जिंकला. ऑगस्टांत त्यानें राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला.