वीस सेकंदांची फेरी

परभणीचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना सांगायला नको, की मे महिन्यात तिथे माणूस रात्री नऊनंतरच माणसात येतो. आमच्या शेजारचा नववीतला मुलगाही त्याच सुमारास कामाला लागत असे. त्याच्या वडिलांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान आहे. दिवसभर सातबारा, पीकविमा आणि उत्पन्नाचे दाखले यांत अडकलेला संगणक रात्री मोकळा होई. मग मामाने पाठवलेले जुने स्टिअरिंग टेबलाला आवळायचे, पायाखाली ब्रेक आणि अॅक्सिलरेटरची पेडले मांडायची, आणि निघायचे अमेरिकेतल्या मार्टिन्सव्हिलला!

एका रात्री तो वैतागून म्हणाला, "काका, मी तर पूर्ण दाबायलोय, तरी वीस पॉइंट सहाच पडायलेत."

आठ दिवसांनी त्याची मित्रांशी शर्यत होती. पात्रता फेरीला वीस सेकंदांच्या आत आला तरच शर्यतीत जागा, नाहीतर बसून पाहायचे, असा त्यांचा नियम ठरला होता. सहा दशांश सेकंद म्हणजे डोळ्यांची दोन पापणी-उघडझाप. पण तेवढीच त्याला सापडत नव्हती.

आधी ही शर्यत कसली ते पाहू. अमेरिकेत पूर्वी दुकानातून विकत घेतलेल्या साध्या मोटारीच शर्यतीत उतरवीत. म्हणून त्यांना 'स्टॉक कार' हे नाव पडले. आजच्या गाड्या शर्यतीसाठीच बांधतात, नाव मात्र तेच राहिले. या शर्यती भरवणारी 'नॅसकार' ही संस्था १९४८ सालची. मार्टिन्सव्हिलची धावपट्टी तिच्याहूनही एक वर्षाने जुनी. तिचा आकार कागद लावायच्या टाचणीसारखा, म्हणजे दोन सरळ रस्ते आणि दोन अर्धवर्तुळाकार वळणे. एक फेरी सुमारे ८४७ मीटरची. २०१० साली आपला नारायण कार्तिकेयन याच धावपट्टीवर नॅसकारच्या ट्रक-मालिकेत पहिल्यांदा उतरला आणि तेरावा आला. जोई लोगानोने २०१४ मध्ये येथे पात्रता फेरी १८.८९८ सेकंदांत पुरी केली. म्हणजे सरासरी वेग ताशी १६१ किलोमीटर.

पडद्यावरच्या खेळाला भौतिकशास्त्र कशाला हवे, असे कोणी विचारील. साध्या खेळाला नको. पण सिम्युलेटर निराळा. त्यात संगणक प्रत्येक क्षणी चारही टायरांवरचा भार, घर्षण, हवेचा विरोध यांची गणिते सोडवतो आणि उत्तर येईल तिथे गाडी नेऊन ठेवतो. एका प्रसिद्ध सिम्युलेटरमध्ये ही आकडेमोड सेकंदाला ३६० वेळा होते. ताशी १६१ किलोमीटर वेगाने धावणारी गाडी दोन गणितांच्या मध्ये जेमतेम साडेबारा सेंटिमीटर सरकते. त्यामुळे न्यूटनचे नियम चुकवून पळण्याची सोय तिथेही नाही.

आता वही-पेन्सिल घ्या. दोन्ही सरळ रस्ते प्रत्येकी २४४ मीटरचे आहेत. ते ८४७ मधून वजा केले की दोन्ही वळणांसाठी ३५९ मीटर उरतात. एका अर्धवर्तुळाची लांबी साधारण १८० मीटर, म्हणून त्रिज्या सुमारे ५७ मीटर. वळताना गाडीला केंद्राकडे ओढणारे अभिकेंद्री बल टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातून मिळते. सपाट रस्त्यावर

वेगाचा वर्ग = घर्षणगुणांक × गुरुत्वत्वरण × त्रिज्या.

घर्षणगुणांक १ धरला तर वेग येतो सेकंदाला २३.६ मीटर, म्हणजे ताशी ८५ किलोमीटर. मार्टिन्सव्हिलच्या वळणावर रस्त्याची बाहेरची कड १२ अंशांनी उचललेली आहे, जशी आगगाडीच्या वळणावर बाहेरच्या रुळाला उंची देतात. तो उतार हिशेबात घेतला की मर्यादा ताशी १०५ किलोमीटरपर्यंत चढते. गाडीचे वस्तुमान या सूत्रात कुठेच आले नाही, हे लक्षात आले का?

आमचा गडी सरळ रस्त्यावर भरधाव येई, शेवटच्या क्षणी ब्रेक दाबी आणि त्याच वेळी स्टिअरिंगही फिरवी. गाडी वळायला नकार देऊन भिंतीकडे घसरे. दोष स्टिअरिंगचा नव्हता. टायरची पकड ही घरखर्चाला मिळालेल्या पगारासारखी ठरीव असते. ब्रेक लावण्यासाठी ती लागते, वळण्यासाठीही तीच लागते. मात्र ही बेरीज साधी नाही. दोन्ही बले एकमेकांना काटकोनात असल्यामुळे तिथे पायथागोरसचा सिद्धांत लागतो. एकूण पकड १० मानली आणि ब्रेकने ६ खर्च केली, तर वळण्यासाठी ४ नव्हे, ८ उरते. कारण ३६ आणि ६४ मिळून १००. पण ब्रेकने पूर्ण १० घेतली, तर वळण्यासाठी शून्य! म्हणून मुरब्बी चालक सरळ रस्त्यावर जोरात ब्रेक लावतो आणि स्टिअरिंग जसे फिरेल तसा पाय हळूहळू सैल करतो.

"मग आधीच ब्रेक लावला तर वेळ जाईल की!" मुलाने शंका काढली. ती रास्त होती. आम्ही हिशेब मांडला. वळणात शिरताना ३० मीटरचा एक तुकडा सेकंदाला ३२ ऐवजी ३१ मीटर वेगाने काटला, तर तोटा ०.०३ सेकंद. पण त्यामुळे गाडी नीट वळली, लवकर सरळ झाली आणि वळणाबाहेर ३२ ऐवजी ३३ च्या वेगाने पडली, तर? त्वरण दर सेकंदाला सेकंदी ५ मीटर धरून पुढच्या २०० मीटरचा वेळ काढला. तो ४.६० वरून ४.५२ वर आला. तीन दिले आणि आठ मिळाले! दोन वळणे मिळून निव्वळ फायदा ०.१० सेकंद, म्हणजे जवळजवळ एका गाडीची लांबी.

ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी कंपास काढावा. एका बिंदूभोवती २ आणि ४ सेंटिमीटर त्रिज्यांचे पाव वर्तुळ काढा आणि दोन्ही टोकांना सरळ रस्ते जोडा. हे झाले काटकोनी वळण. आता बाहेरच्या कडेने शिरून, मधोमध आतल्या कडेला शिवून, पुन्हा बाहेरच्या कडेला जाणारा कंस काढून पाहा. त्याची त्रिज्या ८.८ सेंटिमीटरपर्यंत नेता येते. त्रिज्या वाढली की वेगाची मर्यादा वाढते. एस.टी.चा ड्रायव्हर वळण ऐसपैस का घेतो, ते इथे थोडे कळेल. (मार्टिन्सव्हिलचे वळण पूर्ण अर्धवर्तुळ असल्याने तिथे हा लाभ एवढा मोठा नसतो.)

तीन रात्रींत वेळ २०.२ वर आला. मग एक फजिती झाली. मुलाने उजव्या टायरांतली हवा थोडी कमी केली आणि फेरी एकदम २०.०५ झाली. त्याने उड्या मारल्या. मलाही ते खरे वाटले. पण वही चाळताना दिसले की त्या रात्री त्याने सिम्युलेटरमधली वेळ दुपारऐवजी संध्याकाळची ठेवली होती. तापलेल्या डांबरावर पकड कमी होते. थंड रस्त्यावर ती वाढते. मग यश हवेचे की संध्याकाळचे? पुन्हा दुपार लावली, हवा तशीच ठेवली, दहा फेऱ्या मारल्या. लाभाचा मोठा भाग नाहीसा झाला! त्यानंतर आम्ही एका वेळी एकच बदल करू लागलो, आणि सर्वांत चांगली फेरी न लिहिता दहा फेऱ्या वेगाच्या क्रमाने लावून मधल्या दोहोंची सरासरी लिहू लागलो. चांगली फेरी नशिबानेही लागते. प्रयोगशाळेत लंबकाची आंदोलने मोजताना शिक्षक जे सांगतात, तेच हे.

पडद्यावर शिकलेले खऱ्या गाडीत चालते का? विल्यम बायरन हा अमेरिकन तरुण आधी घरच्या संगणकावर शर्यती खेळला. खऱ्या गाड्यांच्या शर्यतीत तो त्यानंतर उतरला. २०२२ मध्ये त्याने मार्टिन्सव्हिलचीच शर्यत जिंकली, आणि २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे मानाची 'डेटोना ५००' जिंकली. अर्थात संगणकाच्या खुर्चीत वळणाचा रेटा अंगाला जाणवत नाही. गाडी घसरू लागल्याचे खऱ्या चालकाला पाठीतून कळते, ते इथे डोळ्यांनी ओळखावे लागते.

शर्यतीच्या रात्री दोन फेऱ्यांची मुभा होती. पहिली, थंड टायरांवर, २०.३१. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर दिवे मिचकले आणि आम्हा दोघांचा श्वास अडकला. पण वीज गेली नाही. १९.९४! बारा जणांत त्याला सातवी जागा मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो वही घेऊन दारात उभा. रात्री त्याने डेटोनाचे वळण सूत्रात घातले होते: त्रिज्या ३०५ मीटर, उतार ३१ अंश. उत्तर आले होते ताशी ३९४ किलोमीटर. तिथल्या पात्रता फेरीचा बिल इलियटचा १९८७ सालचा विक्रम ताशी ३३८ किलोमीटरचा, हे त्याने शोधून शेजारी लिहिले होते.

"म्हणजे काका," तो म्हणाला, "तिथं पूर्णच दाबायचं!"